माझा बुधवार, लोकांचा शुक्रवार

आदरणीय भाऊसाहेब यांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (सुई तोंडातून काढून उशीला टोचली आहे आणि टेप गळ्यातून उतरवून ठेवली आहे, तेव्हा नमस्कार पुरा समजावा.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? तो जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना, हे मागच्या भेटीत विचारायचं होतं. पण मागच्या भेटीत तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता, त्यामुळे राहून गेलं. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कानावर आलं. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत असेल तर माझ्या वतीनं अभिनंदन करावं, मला अलीकडे चौथ्या खेपेला ओवता येतो. तुमची मुलगी सासरी रुळली असेल. तुमच्या धाकट्या बहिणीची तब्येत मात्र मी विचारत नाही. (ती माझी बायको आहे, तेव्हा ती मला माहीत असायला हवी, असं तुम्ही म्हणाल म्हणून.) माझं ठीक चाललं आहे. पाठ टेलरची असावी तशी वाकडी आहे, दुपारचं जेवण संध्याकाळी होतं, पण त्याचा दोष मी कुणाला देत नाही.

‘पत्र लिहिण्यास कारण की’ इतकं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि एका पँटचे दोन्ही पाय दुमडून तुरपून टाकले. शिवता शिवता कारण सुचेल असं वाटलं होतं. सुचलं ते असं, की तुम्ही वयानं मोठे, नात्यानं मोठे, आणि चार महिन्यांत मी तुमची खुशाली विचारली नाही, हे काही बरं दिसत नाही. तेव्हा हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे. त्यात दुसरं काही शोधू नये.

तरीपण खुशाली विचारायची आणि तुमच्या मुलीच्या लग्नाचा विषय टाळायचा, हे माझ्याच्यानं होणार नाही. जे झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, पण माझ्या हातची कबुली तुमच्याजवळ असावी. तुमचा कोट मी शुक्रवारी देतो म्हणालो होतो. लग्न रविवारी दुपारी बारा वाजता होतं. मी कोट घेऊन रविवारी संध्याकाळी पाच वाजता पोचलो. तोवर हॉलमधल्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावल्या होत्या, आणि तुम्ही शेजाऱ्यांचा कोट अंगात घालून सगळ्या फोटोंत उभे राहून मोकळे झाला होता. (शेजारी तुमच्यापेक्षा वीतभर उंच. फोटो मला कुणी दाखवले नाहीत, पण तो कोट तेव्हाही तुमच्या अंगावर होता, आणि माझी नजर आधी बाहीकडे जाते. कुणाशी हात मिळवायचा झाला की तुम्हाला आधी तुमचा हात बाहीतून शोधून काढावा लागत होता.) तुमची बहीण आठ दिवस आधीच तुमच्याकडे मदतीला आली होती. तिनं माझ्या हातातला कोट घेतला, खुर्चीच्या पाठीवर नीट घातला आणि म्हणाली, “चहा घेऊन जा. मी इथेच राहते.” मी विचारलं, मग न्यायला कधी येऊ, बुधवारी की गुरुवारी? त्यावर ती म्हणाली, “आता मला वार सांगू नका.” ती रागावली असती तर मला सवय आहे. पण ती रागावली नव्हती, आणि मी चहा घेऊन निघालो.

आता माझी बाजू. शिवणकामात वार हा सांगण्यासाठी असतो. गिऱ्हाईक कापड टाकतं आणि विचारतं, कधी मिळेल? त्या घडीला त्याला कपडा नको असतो, उत्तर हवं असतं. मी सोमवार म्हणतो. ते मनातल्या मनात त्यात दोन दिवस मिळवतं आणि बुधवारी येतं. बुधवारी कपडा शेवटच्या बटणावर असतो, ते बटण लागेपर्यंत हवापाण्याच्या चार गोष्टी होतात, आणि दोघंही समाधानानं आपापल्या वाटेला लागतात. चौतीस वर्षं माझ्या दुकानात हेच चाललं आहे आणि मला कुणी खोटारडा म्हटलेलं नाही. एखाद्याला वार सांगायला जीभ रेटली नाही, तर आपल्याकडे ‘परवा’ आहे. परवा म्हणजे होऊन गेलेलाही आणि येणाराही, त्यामुळे त्यात माणसाला कोंडीत पकडता येत नाही. (वेळ मारून नेणं असं याला लोक म्हणतात. माझ्या मते मी वेळेला कधी हातही लावलेला नाही.) तुमच्या कोटाचंही मी असंच धरलं होतं. शुक्रवार सांगितला, म्हणजे रविवार. लग्न रविवारीच. माझ्या हिशेबानं कोट अगदी वेळेवर होता. तुम्ही गिऱ्हाईक नसल्यामुळे शुक्रवारला शुक्रवारच समजून बसाल, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

तुमच्या बहिणीला मात्र सगळं माहीत होतं. तिनं स्वतः निवडून आणलेलं हिरवं लोकरी कापड अकरा वर्षं दुकानातल्या वरच्या फळीवर आहे. तिला थंडीचा कोट हवा होता. पहिली दोन वर्षं ती विचारायची, मी वार सांगायचो. मग तिनं विचारणं सोडलं, आणि मी समजलो की तिला आता कोट नको आहे. बाहेरच्या माणसानं दोन दिवस मिळवायचे हा नियम आहे. घरच्या माणसानं किती मिळवायचे याचा नियम आमच्या धंद्यात कुणी केलेला नाही.

असो. लग्नानंतर तीन आठवड्यांनी दुकानात एक उंच बाई आली. आमच्या नदीवर नवा पूल होतो आहे, त्या कामावर परदेशातून आलेली ही इंजिनीयर. तिच्या हातात काळा कोट होता, बाह्या आखूड झालेल्या आणि अस्तर काखेत उसवलेलं. ती इंग्रजीत बोलली, मी मान हलवली. ती आणखी बोलली, मी आणखी हलवली. मग तिनं माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये गुरुवारवर बोट ठेवलं आणि मनगटावरच्या घड्याळात चारचा आकडा दाखवला. मी ‘यस, यस’ म्हणालो आणि मनात शनिवार लिहून घेतला. भाऊसाहेब, ती गुरुवारी आली. चार वाजता आली. सांगितलेल्या वाराला आलेलं चौतीस वर्षांतलं हे पहिलं गिऱ्हाईक, माझी पाचावर धारण बसली. कोट टेबलावर बाह्या वेगळ्या काढून पडला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. साडेपाचला तिची गाडी होती हे मला नंतर कळलं, तेव्हा नुसतं इतकंच दिसत होतं की ती माझ्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघते आहे. मी मशीनवर वाकलो. पाच वाजेपर्यंत उजवी बाही झाली. डावी नुसती कच्च्या टाक्यावर लावली, आणि खाणाखुणा करून तिला सांगितलं की हा हात वर करू नका, बाही निघेल. तिला ते नीट कळलं. तिनं कोट अंगात चढवला आणि रस्त्यानं धावत गेली.

दहा दिवसांनी ती परत आली, डावी बाही पक्की करून घ्यायला. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो. तिथल्या शिकवणाऱ्या बाई नेमक्या जिन्यावरून उतरत होत्या, त्यांनी मध्ये पडून तिचं मला आणि माझं तिला सांगितलं. तिचे वडील गेले होते. कोट त्यांच्या अंत्ययात्रेसाठी हवा होता. सगळं व्यवस्थित झालं म्हणाली. शवपेटी उचलायला तिचे भाऊ पुढे झाले तेव्हा तीही पुढे झाली होती, पण डावा हात वर करायचा नाही हे तिला आठवलं, म्हणून ती मागे राहिली आणि मागूनच चालत गेली. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. बाही टिकली, म्हणून माझे आभार मानायला सांगितलं. भाऊसाहेब, मला इंग्रजीतला ‘सॉरी’ एवढा एक शब्द येत होता, आणि तो चालताना कुणाच्या पायावर पाय पडला की म्हणायचा शब्द आहे. तो मी म्हटला नाही. मी ती बाही दुहेरी दोऱ्यानं शिवून दिली, दुकान बंद केलं आणि त्याच संध्याकाळी जिना चढून वर्गात जाऊन बसलो.

वर्ग दर सोमवारी आणि शुक्रवारी, सहा ते सात. (सहा वाजता तुमची बहीण दुकानात चहा घेऊन यायची. त्या तासाला आता तसंही कुणी येत नाही.) आम्ही मोजकीच माणसं आहोत: दवाखान्यातल्या एक आया, एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवणारे एक गृहस्थ, आमच्या समोरचा बेकरीवाला आणि मी. शिकवणाऱ्या बाई मला मुलगी असती तर तेवढ्या वयाच्या, पण ‘सर, तुम्ही सांगा’ असं म्हणतात, त्यामुळे उत्तर आलं नाही की जास्त लाज वाटते. पहिलाच धडा निघाला तो वार आणि वेळ यांचा. माझ्याबद्दल त्यांना आधीच कुणी सांगून ठेवलं की काय, अशी शंका मला आली.

धडा असा, की इंग्रजीत वाराच्या आधी ‘ऑन’ लागतं, घड्याळातल्या वेळेच्या आधी ‘ॲट’, आणि सकाळ, संध्याकाळ, महिना, वर्ष यांच्या आधी ‘इन’. ऑन मंडे, ॲट फोर ओक्लॉक, इन द मॉर्निंग. लिफ्टवाल्या गृहस्थांना काही केल्या ते पाठ होईना. तेव्हा मी त्यांना माझ्या पद्धतीनं समजावलं. वार म्हणजे ठिगळ, ते कापडाच्या वर बसतं, म्हणून ऑन. वेळ म्हणजे बटण, ते एकाच जागी लागतं, सूतभर इकडेतिकडे झालं तर कोट तिरका दिसतो, म्हणून ॲट. सकाळ आणि महिना म्हणजे खिसा, त्यात काय वाटेल ते मावतं, म्हणून इन. बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी फळ्यावर ठिगळ, बटण आणि खिसा यांची चित्रं काढली, आणि मला वाटलं, आता आपल्याला इंग्रजी आलं. एवढ्यात त्या म्हणाल्या, रात्रीला मात्र ‘ॲट’. ॲट नाइट. का? तर तसंच म्हणतात. अख्खी रात्र एक बटण कशी होईल, यावर मी हरकत घेतली, आणि आयाबाईंनी मला पाठिंबा दिला (त्यांना रात्रपाळी असते, रात्र केवढी असते ते त्यांना विचारा), पण बाईंनी दोघांनाही खाली बसवलं.

पुढे असं दिसून आलं की त्या लोकांकडे साडे नाही, सव्वा नाही, पावणे नाही. आपण पावणेपाच म्हणून मोकळे होतो, त्यांना पाचाला पाव तास कमी आहे असं सगळं मांडून दाखवावं लागतं. दीड आणि अडीच यांना तर तिकडे स्वतःचं नावच नाही. इतके पूल बांधणारी माणसं आणि अडीचवाचून दिवस काढतात, याचं मला वाईट वाटलं. पण एक गोष्ट पाहून मी गप्प झालो. वाराचं पहिलं अक्षर ते मोठं लिहितात, जसं माणसाच्या नावाचं लिहितात तसं. म्हणजे सोमवार असो, मंगळवार असो, ते त्याला अहोजाहो करतात. मी जन्मभर सगळ्या वारांना अरेतुरे करत आलो. त्या दिवशी वहीत सातही वार मी मोठ्या अक्षरानं पुन्हा लिहून काढले.

बाईंची रीत अशी, की शिकलेलं वाक्य बाहेर जाऊन वापरायचं. प्रत्येकानं शेजाऱ्याला इंग्रजीत वार आणि वेळ द्यायची, आणि खरोखरच तिथे जाऊन भेटायचं. माझी जोडी बेकरीवाल्याशी लागली. तो वेळेचा पक्का माणूस, त्याची भट्टी त्याला दुसरं काही होऊच देत नाही. मी सगळ्या वर्गासमोर उभा राहिलो आणि त्याला नदीकाठच्या बाकावर बोलावलं: आय विल मीट यू ऑन वेन्सडे ॲट हाफ पास्ट फाइव्ह. एकही चूक नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या. बुधवारी मी पाचलाच दुकान बंद केलं (शेजारचा दुकानदार बाहेर येऊन हळूच विचारून गेला, कुणी गेलं का म्हणून), धुतलेला सदरा घातला आणि सव्वापाचला बाकावर जाऊन बसलो. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. सव्वासहा झाले तरी बेकरीवाल्याचा पत्ता नाही.

भाऊसाहेब, वाट बघणं हे काय काम आहे, ते मला ठाऊक नव्हतं. साठीला आलो, पण माझ्यावर कधी ती पाळीच आली नव्हती, ती मी दुसऱ्यांवर आणत होतो. आधी माणूस रस्त्याकडे बघतो, मग घड्याळाकडे. मग आपल्याला कुणी बघतं आहे का तिकडे बघतो, आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतो. मग राग येतो. रागही दमला की शेवटी धास्ती वाटायला लागते, त्या माणसाला वाटेत काही झालं तर नसेल? त्या धास्तीपर्यंत पोचलो आणि मला तुमची बहीण दिसली. नेसून-सवरून, पिशवी मांडीवर घेऊन, घराच्या दाराशी खुर्चीवर बसलेली. कुठे कुठे जायचं ठरलं होतं आमचं, तिच्या मैत्रिणीकडे, डॉक्टरांकडे, तुमच्याकडे. मी आलो की ती म्हणायची, आता काय, राहू दे, आणि आत जाऊन कपडे बदलायची. मला दर वेळी वाटायचं, चला, फार बोलली नाही. त्या बाकावर मला पहिल्यांदा कळलं की ती माझ्यावर रागवायच्याही पलीकडे, माझं काही बरंवाईट तर झालं नाही ना, इथपर्यंत दर वेळी एकटी जाऊन येत होती.

बेकरीवाला शुक्रवारी साडेपाचला त्या बाकावर गेला. मी दिसलो नाही म्हणून तणतणत वर्गात आला आणि सगळ्यांसमोर माझ्यावर तुटून पडला. मी म्हणालो, अरे बाबा, मी बुधवार सांगितला होता. “म्हणून तर शुक्रवार धरला! वीस वर्षं पँटी शिवतोय तुमच्याकडे, मला शिकवता?” मी म्हणालो, पण ते मी इंग्रजीत सांगितलं होतं. “इंग्रजीत सांगितलं म्हणून काय झालं? सांगणारे तुम्हीच ना?” सगळा वर्ग हसला. बाई हसल्या. मीही हसलो, न हसणं वाईट दिसलं असतं. पण घरी आल्यावर ते हसू टिकलं नाही. माझ्या बुधवारला गावात शुक्रवार म्हणतात, आणि ते आता कुठल्याही भाषेत तसंच राहणार.

तेव्हापासून मी सांगितलेल्या वाराला कपडा तयार ठेवतो. त्याचा परिणाम एवढाच झाला आहे, की तयार कपडे दोन दोन दिवस खुंट्यांवर लोंबत राहतात, आणि दुकानात मला स्वतःलाच वाकून शिरावं लागतं. गुरुवार सांगितलेला माणूस शनिवारी येतो, कपडा घडी घालून समोर ठेवलेला पाहतो आणि घाबरून विचारतो, तब्येत बरी आहे ना?

मागच्या आठवड्यात ‘फॉर’ आणि ‘सिन्स’ झालं. किती काळ चाललं आहे ते सांगायचं तर फॉर, कधीपासून ते सांगायचं तर सिन्स. प्रत्येकानं स्वतःबद्दल एक वाक्य करायचं होतं. लिफ्टवाले गृहस्थ म्हणाले, मी एकोणीस वर्षं वर जातो आहे आणि अजून तळमजल्यावरच आहे. मग माझी पाळी आली. मी म्हणालो, माय वाइफ इज नॉट ॲट होम सिन्स संडे, टेन पास्ट फाइव्ह. बाईंनी विचारलं, कोणत्या रविवारपासून? मी महिना सांगितला, तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, सर, पाच वाजून दहा मिनिटं इतकं नेमकं कसं आठवतं? मी म्हणालो, चहाचा कप खाली ठेवला तेव्हा समोर घड्याळ होतं. माझं क्रियापद चुकलं होतं (ते मला दुसऱ्या दिवशी पुस्तकात दिसलं), पण बाईंनी ते दुरुस्त केलं नाही. बेकरीवाल्यानं उठून खिडकी उघडली आणि पुन्हा लावली.

भाऊसाहेब, मला तुमच्या बहिणीची आठवण येते. हे मी मराठीतच लिहितो आहे, कारण इंग्रजीत लिहायचं तर आधी कधी, किती वाजता ते ठरवावं लागेल, आणि तसं ते ठरवता येत नाही.

असो. खुशालीच्या पत्रात इतकं पुरे. वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद. तुमचा कोट अजून खुर्चीच्या पाठीवर असेल तर तो हँगरवर टांगावा, खुर्चीनं खांद्यांचा आकार बिघडतो.

तुमच्या नजरेतून उतरलेला, तरी तुमचाच,
टेलर मेहुणा

ता. क. खुशालीचं म्हणून लिहिलं खरं, पण पत्राचं कारण वेगळं आहे, ते वर लिहायला धीर झाला नाही. हिरवं कापड मी फळीवरून काढलं. मापाच्या वहीत तिचं अकरा वर्षांपूर्वीचं माप होतं, त्यावरून कोट कापला आणि कच्च्या टाक्यावर उभा केला आहे. पण अकरा वर्षांत माणसाचे खांदे उतरतात, आणि तिचे किती उतरले ते मी पाहिलेलं नाही, रोज समोर असून पाहिलेलं नाही. तरी कृपा करून तिच्या नकळत, ती जेवायला बसली असताना पाठीमागून, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत मोजून कळवावं. टेप पाकिटात घातली आहे. आकडे असलेली बाजू वर ठेवावी.

ता. क. दुसरा. मोजू नका. तिच्या पाठीमागे टेप घेऊन उभे असलेले तुम्ही डोळ्यांपुढे आलात आणि ते बरं दिसेना. मीच येतो. येत्या गुरुवारी, दुपारी चार वाजता. तेवढं तिला सांगावं. पण गुरुवार सांगितला तर ती दोन दिवस मिळवून शनिवार धरेल, आणि गुरुवारी नेमकी कुठेतरी बाहेर गेलेली असेल. तेव्हा तिला मंगळवार सांगा, म्हणजे ती बरोबर गुरुवार धरेल. हे पुन्हा वाचून पाहिलं. हे तर मी चौतीस वर्षं करत होतो तेच झालं. शिवाय तिनं बजावलं आहे की मला वार सांगू नका, आणि ते मी चार महिने नीट ऐकलंच नव्हतं. तिला काही सांगू नका.

ता. क. तिसरा. पाकिटावर तिकीट नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पत्र टाकायला पेटीपर्यंत गेलो होतो. पेटी बसस्टँडच्या शेजारी आहे, तिथे तुमच्याकडची गाडी सुटायच्या बेतात उभी होती, आणि गुरुवारपर्यंत थांबणं मला जमेना. आज मंगळवार. हे शेवटचं तुमच्या फाटकाच्या खांबावर कागद टेकवून लिहितो आहे, अक्षर सांभाळून घ्यावं. आता हे दाराखालून आत सरकवतो, बेल वाजवतो आणि इथे परत येऊन उभा राहतो. तिला म्हणावं, वार याही वेळी चुकलाच, दोन दिवस आधी आलो आहे. दार तुम्ही उघडू नका, तिला उघडू द्या. कधी, ते मी विचारणार नाही. मी उभा आहे.